७८१२ च्या सप्लायला कंडेन्सर किती एमएफडीचा? कॉइल ओढली की कार्ड रिसेट होतंय

ताणाबाणा
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या शेडमध्ये यंत्रमागावर एक कार्ड बसवलेलं आहे. प्रॉक्सिमिटी सेन्सरवरून पिक (आडव्या धाग्याचे फेरे) मोजायचे आणि ताण्याचा धागा तुटला की कॉइल ओढून माग थांबवायचा, एवढंच त्याचं काम. सप्लाय असा: ०-१५ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार १एन४००७ डायोडचा ब्रिज, १००० एमएफडी (मायक्रोफॅरड) २५ व्होल्टचा कंडेन्सर, पुढे १२ व्होल्टचा रेग्युलेटर ७८१२. माग चालू असताना लोड ०.३ अँपिअर. कॉइल ओढली की ०.८.
एरवी मोजणी बरोबर चालते. ताणा तुटून कॉइल ओढली गेली की डिस्प्ले क्षणभर जातो आणि आकडा शून्यावर येतो. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की हमखास, दुपारी क्वचित. ७८१२ बदलून पाहिला, फरक नाही. शेडमध्ये व्होल्टेज १९० ते २६० असं हलतं. कंडेन्सर वाढवायचा तर किती?

सातरस्ता
सरळ १०००० एमएफडी घाला आणि विषय संपवा. कंडेन्सर जास्त झाला म्हणून कधी बिघडलं नाही.

रिपलमापे
सातरस्ता, थांबा जरा. जास्त झाल्यानंही बिघडतं, त्यावर पुढे बोलू. ताणाबाणा दादा, आधी एक सांगा: कार्ड रिसेट होतं ते कॉइल ओढताना की सोडताना? ओढताना होत असेल तर व्होल्टेज खाली बसतंय. सोडताना होत असेल तर कॉइलचा उलटा झटका कार्डात शिरतोय. मग कंडेन्सर कितीही वाढवा, उपयोग नाही. कॉइलच्या दोन टोकांवर उलटा १एन४००७ आहे ना, तेही बघा. पांढऱ्या पट्टीचं टोक प्लसकडे हवं.

ताणाबाणा
ओढतानाच होतं ताई. कॉइलवर डायोड आहे, मीटरवर तपासला, चांगला आहे.

रिपलमापे
मग हिशोब करून बघू. पुढे कुठल्याही सप्लायला तो कामी येईल.

ब्रिजमधून डीसी बाहेर पडतो तो सपाट नसतो. टेकड्यांची रांग असते. आपली मेन्स ५० हर्ट्झची आणि ब्रिज दोन्ही अर्धे वापरतो, म्हणून सेकंदाला १०० टेकड्या, दर १० मिलिसेकंदाला एक शिखर. शिखराच्या आसपास एक-दोन मिलिसेकंद डायोड चालतात आणि कंडेन्सर भरतो. उरलेले आठ-साडेआठ मिलिसेकंद डायोड बंद असतात आणि सगळा लोड एकटा कंडेन्सर ओढतो. सोलापुरात हे समजवायला सोपं आहे. नळाला रोज पाणी येत नाही, येतं तेव्हा टाकी भरून घ्यायची आणि पुढची पाळी येईपर्यंत त्यावर भागवायचं. टाकी लहान किंवा वापर जास्त, तर पाणी तळाला जातं. कंडेन्सरचं व्होल्टेज असंच दर १० मिलिसेकंदाला उतरतं आणि परत चढतं. या चढउताराला रिपल म्हणतात.

सूत्र सोपं आहे. लोडचा करंट अँपिअरमध्ये घ्या, त्याला १०० गुणिले फॅरडने भागा. तोंडपाठ ठेवायचं तर इतकंच: १ अँपिअर आणि १००० एमएफडी म्हणजे १० व्होल्ट रिपल. करंट अर्धा तर रिपल अर्धा, कंडेन्सर दुप्पट तरी अर्धा. सूत्र थोडं जास्तच दाखवतं, कारण कंडेन्सर पूर्ण १० मिलिसेकंद रिकामा होत नाही. पण ही चूक सुरक्षित बाजूची आहे.

आता तुमचा सप्लाय. १५ व्होल्ट एसी गुणिले १.४१ म्हणजे २१.२ चं शिखर. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड चालतात आणि करंटच्या झटक्यात १एन४००७ प्रत्येकी व्होल्टभर खातो. राहिले १९.२. ७८१२ ला १२ व्होल्ट बाहेर काढायला आत किमान १४ लागतात. ही १४ ची रेघ लक्षात ठेवा, सगळा खेळ तिच्याभोवती आहे.
माग चालू असताना, ०.३ अँपिअरला, रिपल ३ व्होल्ट. तळ १६.२ वर, रेघेच्या वर. कार्ड खूश.
कॉइल ओढल्यावर, ०.८ ला, रिपल ८ व्होल्ट. तळ ११.२ वर. सूत्राची अतिशयोक्ती वजा केली तरी तेरापर्यंतच पोचतो. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा ७८१२ खालून उघडा पडतो, बाहेरच्या १२ मध्ये खड्डे पडतात आणि कार्डाचा प्रोसेसर रिसेट होतो.
हे २३० व्होल्टला झालं. संध्याकाळी १९० आले की सेकंडरी (ट्रान्सफॉर्मरची बाहेरची बाजू) १२.४, शिखर १७.५ आणि डायोड वजा जाता १५.५. मग ८ व्होल्टच्या रिपलला जागाच कुठे आहे? ७८१२ बदलून फरक पडणार नव्हता. त्याची चूकच नाही.

ताणाबाणा
डोक्यात प्रकाश पडला. मोजून बघायचं तर मीटर कुठे लावू? ऑसिलोस्कोप नाही.

रिपलमापे
मीटरवर जमतं. कंडेन्सरच्या दोन पायांवर आधी डीसी व्होल्ट घ्या. हे सरासरी व्होल्टेज. मग त्याच जागी एसी व्होल्टवर घ्या. तो आकडा साडेतीनने गुणला की रिपलचं शिखर ते तळ अंतर साधारण मिळतं. सरासरीतून त्याच्या निम्मे वजा केले की तळ.
एक खबरदारी. डीटी-८३० सारख्या स्वस्त मीटरची सगळ्यात खालची एसी रेंज २०० व्होल्टची असते, त्यात अर्धा व्होल्ट नीट कळत नाही. शिवाय तो डीसी अडवत नाही आणि एसीवर भलताच मोठा आकडा दाखवतो. प्रोब उलटे करून बघा. एका बाजूने मोठा आकडा आणि दुसऱ्या बाजूने शून्य आला, तर तो मीटर या कामाचा नाही. एसीची २ किंवा २० व्होल्ट रेंज असलेला मीटर घ्या.

ताणाबाणा
घेतली मापं. मेन्स २०५ होती.
कॉइल बंद: डीसी १६.४, एसी ०.७.
कॉइल हाताने ओढून धरली: डीसी १३.७, एसी १.६.
कंडेन्सर काढून मोजला, ९३० एमएफडी दाखवतो.

रिपलमापे
कॉइल बंद असताना रिपल अडीच व्होल्ट, तळ १५.२. कॉइल ओढल्यावर रिपल ५.६, तळ १०.९. चित्र स्पष्ट आहे. कंडेन्सर खराब नाही, मुळातच लहान आहे.

सातरस्ता
मग माझं १०००० काय वाईट? ०.८ व्होल्ट रिपल. तळ कुठेही जाणार नाही.

माळढोक
सातरस्ता भाऊ, रिपलचं बरोबर आहे, पण भरण्याच्या बाजूने बघा. लोडने १० मिलिसेकंदात जेवढा चार्ज नेला, तेवढा सगळा डायोडला त्या छोट्या खिडकीत परत भरायचा असतो. ४७०० एमएफडीला ही खिडकी सुमारे १.३ मिलिसेकंदाची, म्हणजे ०.८ अँपिअर लोडसाठी डायोडमधून जाणारा झटका सरासरी सहा अँपिअरचा. १०००० ला खिडकी ०.९ च्या आत आणि झटका नऊ अँपिअरचा. वाइंडिंगचा रेझिस्टन्स हे आकडे थोडे मवाळ करतो, पण दिशा तीच. ट्रान्सफॉर्मरची तार या झटक्यांनी तापते, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. आऊटपुटला तोच ०.८ अँपिअर दिसतो आणि ट्रान्सफॉर्मर मात्र हात लावू देत नाही.
दुसरं, स्विच टाकल्याक्षणी कंडेन्सर रिकामा असतो, म्हणजे जवळपास शॉर्टच. १एन४००७ एकदाच ३० अँपिअरचा झटका सोसतो. १००० एमएफडी एक-दोन अर्ध्या सायकलमध्ये भरतो, १०००० ला तो झटका पुन्हा पुन्हा सोसावा लागतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये लाइट दिवसातून अनेकदा जाते-येते, तिथे असा ब्रिज टिकत नाही.

ट्रान्सफॉर्मरही लहान आहे. ब्रिजनंतर कंडेन्सर असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या एसी रेटिंगच्या ०.६२ पट एवढाच डीसी घ्यावा. १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे ०.६२ अँपिअर डीसी. तुम्हाला ०.८ हवा म्हणजे किमान १.३ चा. बाजारात सहज मिळणारा २ अँपिअरचा घ्या.

आणि खरी बचत डायोडमध्ये आहे, तिकडे कोणी बघत नाही. १एन४००७ काढून १एन५८२२ लावा. हा शॉटकी डायोड, ३ अँपिअर, ४० व्होल्टचा. व्होल्टभर खाण्याऐवजी अर्धा खातो. दोन डायोडचे मिळून एक व्होल्ट फुकटात वर आला. १९० व्होल्टला एका व्होल्टचं मोल मोठं आहे. एवढाच फायदा कंडेन्सरमधून काढायचा तर ४७०० चा ९४०० करावा लागेल.

रिपलमापे
माळढोक सरांनी मुद्द्याचं सांगितलं. १एन५८२२ चे ४० व्होल्ट पुरतात का, तेही पडताळू. ब्रिजमध्ये प्रत्येक डायोडवर उलटं व्होल्टेज शिखराएवढं येतं. मेन्स २६० असताना सेकंडरी १७. लहान ट्रान्सफॉर्मर बिनलोडचा आणखी १५ टक्के वर जातो, म्हणजे साडेएकोणीस. शिखर २७.६. पुरतात.
पण याच हिशोबात ताणाबाणा दादांचा २५ व्होल्टचा कंडेन्सर बसत नाही! रात्री माग बंद, मेन्स २६०, लोड नगण्य: कंडेन्सरवर २६ च्या वर जातात. १५ च्या ट्रान्सफॉर्मरला २५ व्होल्टचा कंडेन्सर कागदावर चालतो, आपल्याकडच्या लाइनवर नाही. ३५ व्होल्टचाच घ्या. ७८१२ ची इनपुट मर्यादाही ३५ च आहे.

शेवटचा हिशोब सर्वांत वाईट परिस्थितीचा. मेन्स १९०, शिखर १७.५, शॉटकी वजा जाता १६.५. कंडेन्सर ४७००, पण मापात वीस टक्के कमी निघाला असं धरून ३७६०. रिपल २.१. तळ १४.४. रेघेच्या वर! हेच २२०० ला केलं तर तळ १२ च्या खाली जातो.

ताणाबाणा
म्हणजे १५ व्होल्ट २ अँपिअर ट्रान्सफॉर्मर, चार १एन५८२२, ४७०० एमएफडी ३५ व्होल्ट. उद्या नवी पेठेतून आणतो. कंडेन्सर घेताना आणखी काय बघू?

पत्रा_शेड
तापमान बघा. कंडेन्सरच्या अंगावर ८५ किंवा १०५ डिग्री छापलेलं असतं. १०५ वालाच घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. आत द्रव इलेक्ट्रोलाइट असतो, उष्णतेने तो हळूहळू उडतो. साधारण दर १० डिग्रीला आयुष्य निम्मं होतं. ८५ डिग्री २००० तासांचा कंडेन्सर ६५ डिग्रीला ८००० तास चालेल, चोवीस तास चालू असेल तर वर्षही पुरं होत नाही. त्याच जागी १०५ डिग्री २००० तासांचा ३२००० तास चालतो, साडेतीन वर्षांच्या वर. आता मे महिन्यातली पत्र्याची शेड डोळ्यांपुढे आणा. बाहेर ४२-४३, पत्र्याखाली आणखी जास्त, आणि बंद डब्यात ७८१२ तापतोय. ६५ डिग्री ही काही लांबची गोष्ट नाही.

म्हणून कंडेन्सर हीटसिंकला चिकटवून बसवू नका. सगळीकडे हीच चूक दिसते, पीसीबीवर जागा वाचवायला दोघांना शेजारी ठेवतात. दोन-तीन सेंटिमीटर तरी अंतर ठेवा. डबा उभा लावणार असाल तर कंडेन्सर खाली आणि हीटसिंक वर, गरम हवा वर जाते.

टॉवेलच्या शेडमध्ये सुताची लव उडते. ती डब्याच्या जाळीवर आणि हीटसिंकच्या फटीत नमद्यासारखी बसते आणि हवाच बंद होते. जाळी डब्याच्या बाजूला किंवा खाली ठेवा, वरच्या बाजूला नको. आठवड्याला ब्रशने साफ करा. प्रेशरच्या हवेने लव आणखी आत जाते.

आकारही बघा. ४७०० एमएफडी ३५ व्होल्टचा चांगला कंडेन्सर साधारण १८ मिलिमीटर व्यासाचा आणि बोटाच्या दोन पेरांएवढा उंच असतो. करंगळीच्या टोकाएवढा कोणी ४७०० म्हणून दिला तर घेऊ नका. दुकानातच मीटरवर मोजून घ्या. ३७०० ते ५६०० च्या दरम्यान आला तर ठीक.

बसवताना पट्टी असलेला पाय मायनस. उलटा लागला तर डोक्यावरच्या फुलीच्या खाचा फुटून आतला माल बाहेर येतो, चेहरा त्याच्यावर वाकवू नका. जुन्या कंडेन्सरचं डोकं फुगलं असेल किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल तर मोजत बसू नका, बदला.

सातरस्ता
पटलं, १०००० मागे घेतो. एक विचारू? एमएफडी बरोबर दाखवूनही कंडेन्सर खराब असतो, असं कधी कधी होतं. ते का?

पत्रा_शेड
ईएसआर. इलेक्ट्रोलाइट सुकला की कंडेन्सरच्या आत मालिकेत रेझिस्टन्स वाढतो. मीटर अगदी छोट्या करंटवर मोजतो, त्याला हे दिसत नाही. पण सहा अँपिअरचा झटका अर्ध्या ओहममधून गेला की तीन व्होल्ट तिथेच उडतात, आणि कंडेन्सर आतूनही तापतो. ईएसआर मीटर नसेल तर एक सोपी चाचणी आहे. सप्लाय बंद करा, जुन्या कंडेन्सरच्या पायांवर त्याच रेटिंगचा चांगला कंडेन्सर प्लसला प्लस, मायनसला मायनस असा समांतर जोडा, सप्लाय चालू करून एसी माप घ्या. दोन्ही चांगले असतील तर रिपल निम्म्याच्या आसपास येतो. एकदम पाव-पंचमांशावर आला तर जुना गेलेला.
रिपल अचानक दुप्पट झाला आणि कंडेन्सर चांगला असेल तर ब्रिज तपासा. एक डायोड उघडा पडला की अर्धीच लाट वापरली जाते, १०० च्या जागी ५० टेकड्या येतात आणि १० ऐवजी २० मिलिसेकंद कंडेन्सरने एकट्याने ओढायचं. अँप्लिफायरमध्ये हे कानालाच कळतं, हमचा, म्हणजे स्पीकरमधल्या गुणगुणीचा, सूर एकदम खाली येतो. डायोड शॉर्ट झाला तर मात्र फ्यूजच उडतो.

माळढोक
वायरिंगचं राहिलं. चांगले पार्ट घालूनही इथेच गडबड होते. ब्रिजचा मायनस आणि कंडेन्सरचा मायनस यांमधल्या तारेतून तेच सहा अँपिअरचे झटके जातात. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मीटरला १८ मिलिओमच्या आसपास, पण तेवढ्यावरही शंभर मिलिव्होल्ट उडी मारतात. कार्डाचा किंवा सेन्सरचा ग्राउंड या तारेच्या मधूनच काढला तर ती उडी सरळ सिग्नलमध्ये येते, मग कंडेन्सर कितीही घाला. ब्रिजमधून दोन तारा थेट कंडेन्सरच्या पायांवर आणा. पुढचं सगळं, ७८१२ चा मधला पाय, कार्ड, सेन्सर, कॉइल, कंडेन्सरच्या मायनस पायावरून वेगवेगळं न्या. प्रॉक्सिमिटी सेन्सर कधी कधी जास्तीचे पिक मोजतो त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

दुसरी सूचना ऐच्छिक आहे, पण मला महत्त्वाची वाटते. कॉइल आणि कार्ड एकाच ७८१२ वर ठेवू नका. मुख्य कंडेन्सरनंतर कार्डाच्या वाटेवर एक १एन५८२२ आणि त्याच्या पुढे कार्डाचा स्वतःचा २२०० एमएफडी ३५ व्होल्ट, मग त्याचा ७८१२. कॉइलला वेगळा ७८१२. कॉइलने मुख्य कंडेन्सर खाली खेचला तरी तो मधला डायोड उलटा होतो आणि कार्डाचा साठा कॉइलकडे जाऊ देत नाही. डायोड अर्धा व्होल्टही खात नाही. लाइट क्षणभर गेली तरी कार्ड आकडा राखतं.

पत्रा_शेड
हीटसिंकचा आकडा देऊन ठेवतो. मेन्स २६० आणि कॉइल ओढून धरलेली असेल तर ७८१२ च्या इनपुटवर सरासरी २२, बाहेर १२. दहा व्होल्ट गुणिले ०.८ म्हणजे आठ वॅट. डब्यात ५० डिग्री धरा, चिप १२५ च्या पुढे जाऊ द्यायची नाही. आठ वॅटला ७५ डिग्री म्हणजे वॅटमागे सव्वानऊ, त्यातले सहा चिपपासून हीटसिंकआधीच्या अभ्रकाच्या चकतीपर्यंत संपतात. हीटसिंकला उरले तीन-सव्वातीन. तळहाताएवढा पंखांचा हीटसिंक हवा. नखाएवढा पत्रा लावला तर ७८१२ तापून स्वतःच बंद पडतो आणि तुम्ही परत कंडेन्सरला दोष द्याल. दोन ७८१२ केले तर उष्णता वाटली जाते, माळढोक सरांच्या सूचनेचा हा आणखी एक फायदा.

सातरस्ता
एवढ्या खटपटीपेक्षा १२ व्होल्टचा तयार एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय) का नाही? लाइन कितीही हलली तरी चालतो.

रिपलमापे
चालतो, आणि नवीन पॅनेलला मीही तोच सुचवेन. पण त्यातही ब्रिज आणि कंडेन्सर आहेतच, फक्त मेन्सच्या थेट पुढे. २३० चं शिखर ३२५, २६० चं ३६८. तो ४०० किंवा ४५० व्होल्टचा कंडेन्सर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो आणि जीव घेऊ शकतो. उघडण्याआधी १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने लावून पाच-सात सेकंद धरा, मग मीटरवर शून्य बघा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. आपल्या ४७०० वरही स्क्रूड्रायव्हरने ठिणगी उडते, पाय जळतो. त्याला १०० ओहम ५ वॅट पुरतो, तीन सेकंदांत रिकामा. शिवाय लवेने एसएमपीएसची हवा लवकर बंद होते, आणि तो शेडमध्येच दुरुस्त करणं प्रत्येकाला जमत नाही.

ताणाबाणा
बसवलं सगळं. ट्रान्सफॉर्मर १५ व्होल्ट २ अँपिअर, चार १एन५८२२, ४७०० एमएफडी ३५ व्होल्ट १०५ डिग्री, मीटरवर ४४१० आला. ग्राउंड कंडेन्सरच्या पायावरून वेगवेगळे काढले. डबा उलटा फिरवून हीटसिंक वर घेतला. व्हेरिअॅकवर (मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) १९० ला आणून कॉइल ओढून धरली: डीसी १५.८, एसी ०.४२. वीस वेळा ओढली-सोडली, आकडा हलला नाही. दुसरा ७८१२ अजून घातलेला नाही.

रिपलमापे
०.४२ गुणिले साडेतीन, म्हणजे दीड व्होल्ट रिपल. तळ १५ च्या वर. उत्तम! आता ७८१२ च्या इनपुटला ०.३३ आणि आऊटपुटला ०.१ एमएफडीचे छोटे कंडेन्सर त्याच्या पायांना लागूनच सोल्डर करा. मोठा कंडेन्सर तारेने लांब असेल तर ते नसल्यास ७८१२ शिट्टी घालतो. आणि ४७०० च्या अंगावर मार्करने आजची तारीख आणि ४४१० लिहून ठेवा, पुढच्या मे महिन्यात परत मोजायला आकडा हाताशी राहील.